भट्टीची धूळ, भट्टीचा गाळ: कोकणात हे काम नव्याने करणाऱ्यांसाठी

पेण, अलिबाग, रोहा भागातली बरीच मुलं डिप्लोमा किंवा आयटीआय करून पोलाद कारखान्यांच्या ठेकेदारीत उतरतात. त्यातल्या काहींच्या वाट्याला धूळ आणि गाळाचं काम येतं. भट्टीच्या वायूतून पकडलेली धूळ, पाण्यातून गाळून काढलेला केक, रोलिंग मिलमधले लोखंडाचे पापुद्रे उचलायचे, साठवायचे, त्यांच्या ब्रिकेट, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या वड्या, बनवायच्या आणि परत भट्टीकडे पाठवायच्या, असं हे काम. त्याला मान कमी मिळतो, पण माझ्या मते कारखान्याच्या आवारातल्या फार थोड्या कामांचं मोल इतकं आहे. डोलवीच्या कारखान्याची क्षमता वर्षाला एक कोटी टन पोलादाची. एवढ्या आकाराच्या कारखान्यात टनामागे नुसता १५ किलो असा माल धरला तरी वर्षाचे दीड लाख टन होतात. यातल्या बऱ्याच मालात निम्म्याच्या आसपास लोखंड असतं. तो वापरला गेला नाही की ढीग साठतात, आणि कोकणात उघडा ढीग पहिल्या पावसात शेजारच्या खाचरात जातो, तिथून ओढ्यात, तिथून खाडीत.

पुढे जे लिहिलं आहे त्यात एकच गोष्ट मी पुन्हापुन्हा सांगणार आहे: माल जिथे निघतो तिथेच वेगळा ठेवा. एकदा मिसळला की कितीही पैसे घातले तरी तो पूर्वीसारखा वेगळा होत नाही.

आधी माल ओळखा

बाहेरून सगळंच काळं दिसतं, म्हणून नवा माणूस सगळ्याला ‘डस्ट’ म्हणून मोकळा होतो. पहिला आठवडा फक्त बघण्यात घालवा.

झोतभट्टीची, म्हणजे ब्लास्ट फर्नेसची कोरडी धूळ करडी-काळी असते आणि उन्हात चमचमते. ती चमक कोक आणि ग्राफाइटच्या कणांची. या धुळीत २५ ते ४० टक्के कार्बन आणि साधारण तेवढंच लोखंड असतं, म्हणजे इंधन आणि धातू एकाच पोत्यात. सिंटर प्लँटवाले, म्हणजे बारीक माल भाजून झोतभट्टीसाठी त्याचे खडे करणारे, ती आनंदाने घेतात. त्याच भट्टीचा वायू नंतर पाण्याने धुतात, त्यातून निघतो तो बीएफ स्लज. तो काळा, गुळगुळीत, बोटांना चिकटणारा. भट्टीतलं जस्त नेमकं यात उतरतं.

कन्व्हर्टरचा, म्हणजे द्रव लोखंडात ऑक्सिजन फुंकून पोलाद करणाऱ्या भट्टीचा, एलडी स्लज गडद काळा आणि हाताला जड लागतो. यात ५० ते ६५ टक्के लोखंड आणि बऱ्यापैकी चुना असतो. चुन्यामुळे तो त्वचेला चावतो, हातमोज्याशिवाय हात लावू नका. विद्युत भट्टीची धूळ चॉकलेटी, पिठासारखी बारीक, बॅगहाउसच्या पिशव्यांतून झाडलेली. रोलिंग मिलचे पापुद्रे, म्हणजे मिल स्केल, निळसर काळे असतात. त्यात ७० टक्क्यांच्या आसपास लोखंड असतं, पण तेलाचा वास येतो का ते आधी बघा. तेलकट स्केल सिंटरमध्ये गेलं की तेलाची वाफ धूळ पकडणाऱ्या यंत्रणेत जाऊन बसते आणि तिथे आग लागू शकते.

आणि स्पंज आयर्नची, म्हणजे खनिज न वितळवता केलेल्या सच्छिद्र लोखंडाची, भुकटी. डोलवी आणि साळाव या दोन्ही ठिकाणी वायूवर स्पंज आयर्न करणारे प्रकल्प उभे राहिले, त्यामुळे आपल्याकडे हा माल भेटतोच. त्याबद्दल शेवटी सविस्तर लिहितो, कारण तो जीव घेऊ शकतो.

जस्त कुठे आहे ते शोधा

या धंद्यातला अर्धा हिशेब जस्ताचा आहे. जस्त ९०७ अंशांना उकळतं. पोलादाच्या भट्टीत त्याहून कितीतरी जास्त तापमान असल्यामुळे गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचं भंगार टाकलं की त्यावरचं जस्त वाफ होऊन वायूबरोबर निघतं आणि थंड झाल्यावर धुळीत बसतं. म्हणून भंगार किती आणि कोणतं, यावर धुळीतलं जस्त ठरतं. जिथे भट्टीत स्पंज आयर्न आणि द्रव लोखंड जास्त आणि भंगार कमी, तिथल्या धुळीत जस्त कमी. निव्वळ भंगारावर चालणाऱ्या भट्टीच्या धुळीत ते २०, कधी ३० टक्क्यांपर्यंत जातं. त्यामुळे एका कारखान्याच्या धुळीचा रिपोर्ट दाखवून दुसऱ्या कारखान्याची धूळ कोणी देत असेल तर घेऊ नका. वाड्याच्या इंडक्शन भट्टीची धूळ आणि पेणच्या एकात्मिक कारखान्याची धूळ नावाने सारखी असली तरी माल वेगळा.

झोतभट्टीला जस्ताचं वावडं का, हे समजून घ्या. खालच्या गरम भागात जस्ताची वाफ होते, ती वर जाऊन थंड भागात विटांवर बसते, तिथून मालाबरोबर पुन्हा खाली येते, पुन्हा वाफ होते. असं फिरत राहून ते साठतं, भिंतीला थर धरतं आणि विटा फोडतं. म्हणून बहुतेक ठिकाणी झोतभट्टीत जाणारं एकूण जस्त, टनभर द्रव लोखंडामागे, १०० ते १५० ग्रॅमच्या आत ठेवायचा प्रयत्न असतो.

आता स्वतः हिशेब करून बघा. तुमच्या ब्रिकेटमध्ये ०.४ टक्के जस्त आहे आणि भट्टीवाले टनामागे तुमच्या २० किलो ब्रिकेट टाकणार आहेत. २० किलोचे ०.४ टक्के म्हणजे ८० ग्रॅम. भट्टीची निम्म्याहून जास्त मुभा तुम्ही एकट्यानेच खाल्लीत, खनिजातून आणि कोकमधून येणारं जस्त अजून मोजलेलंच नाही. खरेदी विभाग ‘जस्त ०.१ च्या खाली आणा’ म्हणतो तेव्हा तो अडवणूक करत नसतो.

बीएफ स्लजच्या बाबतीत एक सोय आहे. त्यातलं जस्त मुख्यतः सर्वांत बारीक कणांत असतं. पातळ गाळ हायड्रोसायक्लोनमधून, म्हणजे भोवऱ्यासारखा गरगर फिरवून जाड-बारीक कण वेगळे करणाऱ्या यंत्रातून, फिरवला की जाड कण खालून निघतात, त्यांत जस्त कमी आणि लोखंड-कार्बन जास्त. बारीक कण वरून जातात आणि बरंचसं जस्त घेऊन जातात. खालचा माल सिंटरला चालतो. तुम्ही नवीन असाल तर हे यंत्र स्वतः घेण्याच्या फंदात पडू नका. कारखान्याकडे ते आहे का विचारा, आणि असेल तर खालचा आणि वरचा माल वेगवेगळ्या खड्ड्यांत पडतो ना, हे स्वतः जाऊन बघा. वेगळा काढलेला माल एकाच डंपरमध्ये भरलेला मी पाहिला आहे. अशाने सगळी मेहनत वाया जाते.

जास्त जस्ताची विद्युत भट्टीची धूळ ब्रिकेटमध्ये घालायचीच नाही. तिचा मार्ग वेगळा. वेल्झ भट्टीत, म्हणजे लांब फिरत्या नळीसारख्या भट्टीत, कोकबरोबर ती ११०० ते १२०० अंशांना तापवतात, जस्त वाफ होऊन निघतं आणि ५५ ते ६० टक्के जस्ताची भुकटी हाती येते. ती जस्त बनवणाऱ्यांना विकली जाते. हे काम परवाना असलेल्या मोठ्या पुनर्प्रक्रिया उद्योगाचं. तुम्ही फक्त धूळ कोरडी, बंद पिशवीत आणि न मिसळलेली पोचवा. जपानमध्ये फिरत्या चुलीच्या भट्ट्या आहेत, किमित्सूच्या पोलाद कारखान्यात तशी भट्टी २००० सालापासून चालू झाली. त्यांत लोखंड आणि जस्त एकाच वेळी वेगळं होतं. तो खर्च छोट्या ठेकेदाराच्या आवाक्यातला नाही.

नमुना नीट घ्या, नाहीतर तोटा तुमचाच

ढीग वरून वाळलेला आणि पोटात ओला असतो. वरून मूठभर उचललात तर ओलावा १८ टक्के येईल आणि आत तो ३५ असेल. प्रत्येक डंपरमधून निदान पाच जागांवरून, हातभर खोल खणून माल घ्या. तो ताडपत्रीवर ओता, फावड्याने शंकूसारखा ढीग करा, वरून दाबून चपटा करा, चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन भाग ठेवा, बाकीचे टाका. दोन-तीन किलो उरेपर्यंत हेच परत करा. नमुना लगेच दुहेरी प्लॅस्टिक पिशवीत घालून तोंड बांधा आणि ओलावा त्याच दिवशी मोजा: १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये, वजन स्थिर होईपर्यंत.

खरेदीचा करार कोरड्या टनावरच करा. हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. जुलैमध्ये २० टनांचा डंपर ३५ टक्के ओल्या मालाचा आला, तर वजनकाट्यावर तुम्ही ७ टन पाणी विकत घेता, त्याचं भाडं भरता आणि मग ते वाळवायलाही पैसे घालता.

प्रयोगशाळेकडून एकूण लोखंड, धातुरूप लोखंड, कार्बन, चुना, जस्त, शिसं, गंधक, सोडियम-पोटॅशियम आणि क्लोराइड एवढं मागा. विद्युत भट्टीच्या धुळीचा असेल तर क्रोमियम आणि कॅडमियमही, शिवाय पाण्यात काय उतरतं त्याची चाचणी.

कागदपत्रं

हे लवकर आटपण्यासारखं वाटतं, पण इथे घाई केली तर गाडी रस्त्यात अडते. २०१६ च्या घातक कचरा नियमांत वायू-शुद्धीकरणाचे अवशेष अनुसूचीत आहेत. असा माल कच्चा माल म्हणून वापरायचा तर नियम ९ खाली महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते आणि ती केंद्रीय मंडळाने ठरवलेल्या कार्यपद्धतीवर मिळते. तुमच्या मालासाठी कार्यपद्धती नसेल तर आधी चाचणी घेऊन मान्यता मिळवावी लागते. साठवणुकीची मुदत ९० दिवस. वाहतुकीला नमुना १० चं मॅनिफेस्ट, म्हणजे मालाबरोबर जाणारं नोंदपत्र, सात प्रतींत. रोजची नोंद नमुना ३ मध्ये आणि वार्षिक विवरण नमुना ४ मध्ये ३० जूनपर्यंत. जे वापरताच येणार नाही ते तळोज्यासारख्या सामायिक विल्हेवाट केंद्रात जातं.

जागा घेताना सातबाऱ्याबरोबर सीआरझेडचा, म्हणजे किनारा-खाडीलगतच्या निर्बंध असलेल्या पट्ट्याचा, नकाशा बघा. खाडीच्या फाट्यालगतची खाजणाची जमीन स्वस्त मिळते, पण ती बहुधा याच कारणासाठी स्वस्त असते.

शेड मृगाआधी

घरात आगोटीची खरेदी जशी मे महिन्यात उरकतो, तसंच यार्डचं आहे. आपल्याकडे हंगामात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. १०० चौरस मीटरच्या उघड्या ढिगावर याचा अर्थ ३ लाख लिटर पाणी. ते मालातून झिरपतं आणि एलडी स्लजमधला चुना बरोबर नेतं. त्या पाण्याचा पीएच ११-१२ पर्यंत जातो. जिताडा माशाची पिल्लं वाढवणाऱ्या तळ्यात हे पाणी गेलं तर काय होईल, हे खारेपाटातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

नुसतं वरचं छप्पर पुरत नाही. वाऱ्याबरोबर झड आत येते, तेव्हा पश्चिम आणि नैर्ऋत्य बाजू खालपर्यंत पत्र्याने बंद करा. जोतं काँक्रीटचं आणि आजूबाजूच्या जमिनीहून दीड-दोन फूट उंच असू द्या. मातीच्या जोत्यावर साठवलेला माल उचलताना जेसीबी दर वेळी खालची माती घेऊन येतो आणि मालातली सिलिका वाढते. शेडभोवती दोन चर हवेत, आतला गळतीचं पाणी टाकीत नेणारा आणि बाहेरचा पावसाचं स्वच्छ पाणी दूर नेणारा. दोन्ही एकमेकांना मिळू देऊ नका. खाडीकाठी असाल तर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी कुठवर चढतं ते गावातल्या जुन्या माणसाला विचारा आणि टाकीचं तोंड त्याच्या वर ठेवा.

आत प्रत्येक मालाला वेगळा कप्पा, मध्ये निदान चार फूट भिंत, वर मोठ्या अक्षरांत पाटी. रात्रपाळीचा डंपरवाला पाटी वाचूनच माल ओततो.

वाळवणं

फिल्टर प्रेसमधून निघालेल्या केकमध्ये ३० टक्के पाणी धरा, आणि ब्रिकेटच्या मिश्रणाला ते १० च्या आसपास हवं. १०० किलो केकमध्ये कोरडा माल ७० किलो. १० टक्के ओलाव्याला वजन ७८ किलो भरतं, म्हणजे २२ किलो पाणी उडवायचं. टनाला २२० लिटर. हे डिझेलवर किंवा लाकडावर केलंत तर नफा तिथेच संपतो.

कोकणात ऊन आहे, पण ते ऑक्टोबर ते मे. त्या आठ महिन्यांत काँक्रीटच्या ओट्यावर सहा इंचांपेक्षा पातळ थर पसरा, दिवसातून दोनदा ट्रॅक्टरच्या फणाने उलटा आणि संध्याकाळी गोळा करून झाका. वर खपली कोरडी झाली की वारा धूळ उडवतो, तेव्हा लगेच उचला. बारीक फवारा हाताशी असू द्या, पण ताडपत्री जास्त कामाची.

एलडी स्लज वाळवताना आणखी एक काम आपोआप होतं. त्यातला कळीचा चुना हळूहळू विरतो आणि विरताना फुगतो. तो विरायच्या आत ब्रिकेट दाबलीत तर चार दिवसांनी सगळ्या ब्रिकेटना भेगा पडतात आणि दोष बाइंडरवर, म्हणजे माल बांधून ठेवायला घातलेल्या पदार्थावर, जातो. दोन ते चार आठवडे माल ढिगात मुरू द्या, मधूनमधून उलटा. ढीग आतून गरम लागेनासा झाला की तो तयार आहे असं समजा.

पावसाळ्यात ओला केक घ्यावाच लागला तर कोरड्या मालाशी मिसळून ओलावा खाली आणता येतो. इथे ‘मिसळू नका’ हा नियम मोडत नाही, कारण दोन्हींचं जस्त तुम्ही आधी मोजलेलं आहे. चुन्याच्या भट्टीवरची धूळ यासाठी उत्तम. एक किलो कळीचा चुना विरताना ३२० ग्रॅम पाणी ओढून घेतो, शिवाय उष्णतेने थोडं उडतं ते वेगळं. मिसळताना वाफ आणि चटका दोन्ही असतात, म्हणून चष्मा लावल्याशिवाय कोणालाही जवळ उभं करू नका.

ब्रिकेट

कन्व्हर्टरसाठी सुरुवातीच्या चाचणीला ६५ भाग मुरलेला एलडी स्लज आणि ३५ भाग तेलविरहित मिल स्केल घेऊन बघा. त्यावर ३ टक्के विरलेला चुना आणि बाइंडर म्हणून ५ टक्के मळी, म्हणजे साखर काढून उरलेला चिकट पाक. आधी कोरडं सगळं पाच मिनिटं फिरवा, मळी शेवटी आणि धार धरून घाला. मिश्रण मोदकाच्या उकडीसारखं यायला हवं: मूठ वळली की आकार राहतो, पण तळहाताला पाणी सुटत नाही. पाणी सुटलं तर रोलर प्रेसच्या खळग्यांत माल चिकटून राहतो. आकारच राहिला नाही तर ब्रिकेट मधून दुभंगून दोन टरफलं होतात.

मळी साताऱ्या-कोल्हापूरकडच्या साखर कारखान्यांतून टँकरने येते. ती राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या नियंत्रणातली वस्तू आहे, परवान्याचा अर्ज आधी करा. तिचा दुसरा दोष असा की ती हवेतला ओलावा ओढते. मार्चमध्ये दगडासारखी झालेली ब्रिकेट जुलैत शेडमध्येच मऊ पडते. म्हणून जून ते सप्टेंबर मी ८ ते १० टक्के सिमेंटकडे वळायला सांगेन. सिमेंटच्या ब्रिकेटला आठवडाभर ओल धरून मुरवावं लागतं आणि लोखंडाचं प्रमाण थोडं उतरतं, पण ती पावसात टिकते.

ताकद बघायला यंत्र नसेल तर दोन मीटरवरून लोखंडी प्लेटवर चार वेळा टाका आणि १० मिलिमीटरच्या चाळणीवर किती राहतं ते तोला. बंकरपर्यंत जाताना ब्रिकेट तीन-चारदा पडतेच, त्यामुळे ही चाचणी अगदी खरी आहे. चाळणीखालचा चुरा पुढच्या मिश्रणात घाला.

कन्व्हर्टरला जाणारी ब्रिकेट ओली असता कामा नये. वितळलेल्या धातूखाली पाणी सापडलं की स्फोट होतो. गाडी झाकूनच पाठवा, आणि वाटेत भिजली तर परत आणा. त्या एका खेपेचं नुकसान सोसा.

स्पंज आयर्नची भुकटी

ही पाण्याशी, त्यातही खाऱ्या पाण्याशी, झटून रासायनिक क्रिया करते. ती तापते आणि हायड्रोजन सोडते. उघड्यावर तो उडून जातो, बंद जागेत साठतो आणि ठिणगीची वाट बघतो. २००४ साली कोलंबियाच्या किनाऱ्याजवळ ‘यिथन’ या जहाजावर अशाच लोहभुकटीमुळे स्फोट झाले आणि सहा खलाशी गेले. आपल्याकडे माल बार्जमधून खाडीने फिरतो, त्यामुळे ही गोष्ट लांबची समजू नका.

हा माल वेगळ्या, दोन्ही बाजूंनी वारा खेळणाऱ्या कप्प्यात, दीड मीटरपेक्षा उंच ढीग न करता ठेवा. लांब दांड्याचा तापमापक ढिगात घालून रोज सकाळी वाचन लिहा. ६५ अंशांच्या पुढे जाताना दिसलं तर ढीग पसरवा. पाणी मारू नका, कारण पाण्याने तो अधिकच पेटतो. कोरडी वाळू टाका.

कामगार आणि शेजार

विद्युत भट्टीच्या धुळीत शिसं आणि मँगनीज असतं. रुमाल बांधून भागत नाही, एन-९५ किंवा त्याहून चांगला मास्क द्या आणि तो रोज बदला. जेवणाची जागा शेडपासून लांब, हात-तोंड धुवायला साबण आणि वाहतं पाणी. कामाचे कपडे यार्डवरच धुतले जातील अशी सोय करा. ते घरी गेले तर धूळ लहान मुलांपर्यंत पोचते. झोतभट्टीच्या गाळाच्या टाक्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडचा डिटेक्टर खिशाला लावल्याशिवाय कोणी जायचं नाही. या वायूला वास नाही.

यार्ड सुरू करायच्या आधीच शेजारच्या दोन-तीन विहिरींचं आणि ओढ्याचं पाणी तपासून घ्या. पीएच, क्षारता, लोह, शिसं, जस्त. निकाल ग्रामपंचायतीला लेखी द्या. मग दर वर्षी पहिल्या मोठ्या पावसानंतर आणि सप्टेंबरअखेर त्याच जागांचं पाणी परत तपासा. ओढ्याचा पीएच ९ च्या वर गेला तर त्याच दिवशी आतल्या चरापासून टाकीपर्यंत चालत जा. गळती बहुधा टाकीच्या जोडाशी किंवा डंपरने फोडलेल्या कडेशी सापडते.